पाच वर्षांचा राजा: मलायाने आपली राज्यघटना कशी घडवली

३१ जानेवारी २०२४ रोजी जोहोरचे सुलतान इब्राहिम मलेशियाचे सतरावे राजे झाले. त्यांच्या आधी गादीवर असलेले पहांगचे सुलतान अब्दुल्ला पाच वर्षे पुरी करून आपल्या राज्यात परतले. कुणी वारले नव्हते, बंड झाले नव्हते, कुणाला गादीवरून खाली खेचलेही नव्हते. मुदत संपली, म्हणून राजा बदलला.

ही बातमी वाचून गोंधळ होणे साहजिक आहे. राजाला मुदत असते का? आणि मतदानाने ठरणाऱ्या राजाला राजा म्हणायचे की राष्ट्रपती?

आपल्याकडच्या एका जुन्या व्यवस्थेवरून हे चटकन समजते. अनेक देवस्थानांत पूजेचा वंशपरंपरागत हक्क पाच-दहा घराण्यांचा असतो. हक्क सगळ्यांचा, पण गाभारा एकच, म्हणून पाळी लावतात. पाळी संपली की ते घराणे गाभाऱ्याबाहेर येते, पण पुजारीपण सुटत नाही. मलेशियात नऊ राजघराणी आहेत आणि देशाचे राजेपद एक आहे. तिथेही पाळी आहे. फरक इतकाच, की ही पाळी राज्यघटनेत लिहिलेली आहे, आणि ती तिथे येण्यामागे फार मोठे भांडण होते.

आधी देश होता कुठे?

आज आपण मलेशिया म्हणतो त्याचा मूळ भाग म्हणजे मलाया द्वीपकल्प. एकोणिसाव्या शतकात तिथे ‘मलाया’ नावाचे एक राज्य नव्हते. पेराक, सेलांगोर, पहांग, नेगेरी सेंबिलान, जोहोर, केदाह, केलांतान, तेरेंगानू आणि पर्लिस अशी नऊ राज्ये होती, प्रत्येकाचा वेगळा राजा होता. पेनांग आणि मलाका या दोन ठिकाणी मात्र थेट ब्रिटिश अंमल होता.

ब्रिटिशांनी ही राज्ये जिंकून खालसा केली नाहीत. १८७४ च्या पांगकोर कराराने पेराकच्या दरबारात ब्रिटिश रेसिडेंट आला. मलय धर्म आणि रीतिरिवाज सोडून बाकी सर्व बाबतींत त्याचा सल्ला घ्यायचा आणि तो अमलातही आणायचा, असे करारात होते. सातारा किंवा नागपूरच्या दरबारातला रेसिडेंट ज्यांना इतिहासातून माहीत आहे, त्यांना या सल्ल्याचा अर्थ लगेच कळेल. तो हुकूमच होता. पेराकमध्ये लोकांना तो इतका झोंबला, की पहिला रेसिडेंट बर्च याचा पुढच्याच वर्षी खून झाला. तरीही ही पद्धत हळूहळू सगळीकडे पसरली.

यातून एक विचित्र स्थिती तयार झाली. कारभार ब्रिटिशांच्या हाती, पण कागदोपत्री सुलतान सार्वभौम, म्हणजे त्याच्यावर दुसरा कुणी धनी नाही. धर्म आणि रिवाजही त्याच्याकडेच. सत्तर वर्षे हे कागदी सार्वभौमत्व निरुपयोगी दिसत होते. १९४६ मध्ये त्याची किंमत कळली.

१९४६: नऊ सह्या आणि पांढऱ्या पट्ट्या

दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला. जपान हरल्यावर ब्रिटिश परतले ते नवी योजना घेऊन: नऊ राज्ये, पेनांग आणि मलाका एकत्र करून ‘मलायन युनियन’ ही एक वसाहत करायची. सर हॅरल्ड मॅकमायकल यांनी दरबारोदरबारी जाऊन सुलतानांच्या सह्या घेतल्या. सार्वभौमत्व ब्रिटिश राजमुकुटाकडे गेले. जपानी अमलात सुलतान जसे वागले त्याचा हिशेब मागितला जाईल, गादीची मान्यताच जाईल, ही भीती त्या सह्यांच्या मागे होती. त्याच योजनेत चिनी आणि भारतीय रहिवाशांना नागरिकत्वाचे दार बरेच उघडले होते.

मलय समाज पेटून उठला. लोकांनी टोप्यांना शोकाच्या पांढऱ्या पट्ट्या बांधल्या. १ एप्रिल १९४६ ला नव्या गव्हर्नरचा शपथविधी झाला, त्यावर सुलतानांनी बहिष्कार घातला. मे महिन्यात ओन जाफर यांच्या नेतृत्वाखाली ‘अम्नो’ ही मलय राष्ट्रीय संघटना उभी राहिली. दोन वर्षांच्या आत ब्रिटिशांना युनियन गुंडाळावी लागली. १ फेब्रुवारी १९४८ पासून तिच्या जागी संघराज्य आले आणि सुलतानांचे स्थान त्यांना परत मिळाले.

हे आंदोलन सुलतानांवरच्या प्रेमापोटी झाले, असे मला वाटत नाही. सह्या केल्याबद्दल त्यांच्यावर रागही होता. पण ही भूमी मलय लोकांची आहे, याचा उरलेला एकमेव कायदेशीर पुरावा म्हणजे सुलतानाचे सिंहासन होते. ते गेले तर आपण आपल्याच घरात भाडेकरू होऊ, ही ती भीती होती.

दुसऱ्या बाजूची भीतीही तेवढीच खरी होती. १९५७ च्या सुमारास मलायाची लोकसंख्या ६३ लाखांच्या आसपास होती. त्यातले जेमतेम निम्मे मलय, एक तृतीयांशाहून जास्त चिनी आणि साधारण नवातला एक भारतीय. भारतीयांत रबराच्या मळ्यांवर राबायला आलेल्या तमिळ कुटुंबांचा भरणा मोठा होता. दोन-तीन पिढ्या ज्यांनी तिथे घाम गाळला, त्यांनी स्वतंत्र देशातही परकेच राहायचे का?

घटनेला सोडवायचे होते ते हे कोडे. राजा कोण, हा त्याचा एक तुकडा.

घटना लिहायला परके लोक का बोलावले?

१९५५ च्या निवडणुकीत मलय, चिनी आणि भारतीय अशा तीन पक्षांच्या आघाडीने ५२ पैकी ५१ जागा जिंकल्या. तिचे नेते तुंकू अब्दुल रहमान, केदाहच्या राजघराण्यातले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ते लंडनला वाटाघाटींना गेले, तेव्हा सुलतानांचे प्रतिनिधीही बरोबर होते. स्वातंत्र्य मागायला जनतेचे आणि राजांचे प्रतिनिधी एकाच शिष्टमंडळातून गेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तिथे असे ठरले, की घटनेचा मसुदा बाहेरच्या तज्ज्ञांनी करावा. वाटणीच्या वेळी भावांचे आपसांत जमत नसेल, तर आपण शेजारगावच्या चार शहाण्या माणसांना बोलावतो, तसेच हे. घरातला माणूस कितीही प्रामाणिक असला तरी दुसऱ्या भावाचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. आयोगाचे अध्यक्ष ब्रिटनचे लॉर्ड रीड होते. त्यांच्यासोबत घटनातज्ज्ञ सर आयव्हर जेनिंग्ज, ऑस्ट्रेलियाचे माजी गव्हर्नर जनरल सर विल्यम मॅकेल, पाकिस्तानचे न्यायमूर्ती अब्दुल हमीद, आणि भारतातून अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक. आयोगाकडे १३१ निवेदने आली, ११८ बैठका झाल्या आणि अहवालाचा मसुदा रोममध्ये बसून लिहिला गेला.

आयोगाला कोरा कागद दिलेला नव्हता. केंद्र बळकट हवे, पण राज्यांना काही स्वायत्तता हवी. सुलतानांचा मान राहिला पाहिजे, आणि देशाचा प्रमुख त्यांच्यातूनच निवडला जावा. मलयांचे विशेष स्थान जपावे, इतर समाजांचे न्याय्य हितही जपावे. इतक्या अटी एकाच घटनेत बसवायच्या होत्या. केंद्र, राज्य आणि दोघांचे मिळून असे विषयांचे तीन गट करण्याच्या कामी भारताच्या घटनेचा नमुना उपयोगी पडला.

धर्माचा प्रश्न सगळ्यांत अवघड असेल असे आपल्याला वाटते. तिथे घडले ते अनपेक्षित. इस्लामला संघराज्याचा धर्म म्हणावे, अशी मागणी तीन समाजांच्या मिळून बनलेल्या आघाडीची होती आणि विरोध सुलतानांचा होता. कारण सरळ होते. प्रत्येक सुलतान आपल्या राज्यात इस्लामचा प्रमुख होता. केंद्राचाही धर्म ठरला तर आपले हे शेवटचे अधिकारक्षेत्रही जाईल, असे त्यांना वाटले. आयोगाने बहुमताने असे कलम घातले नाही, न्यायमूर्ती हमीद यांनी भिन्नमत नोंदवले. पुढच्या वाटाघाटींत सुलतानांच्या अधिकाराला धक्का लागणार नाही असे ठरले आणि कलम ३ आले: इस्लाम हा संघराज्याचा धर्म, पण इतर धर्मही शांततेने आणि सलोख्याने पाळता येतील.

३१ ऑगस्ट १९५७ ला तुंकूंनी क्वालालंपूरच्या मैदानात सात वेळा ‘मर्देका’, म्हणजे स्वातंत्र्य, अशी घोषणा दिली. नवी घटनाही त्याच दिवसापासून लागू झाली.

पाळी प्रत्यक्षात कशी लागते?

राजाचे अधिकृत पद ‘यांग दि-पर्तुआन आगोंग’. ढोबळ अर्थ, ज्याला सर्वोच्च स्वामी केले गेले आहे तो. ‘केले गेले’ हे महत्त्वाचे. पुढे आपण नुसते आगोंग म्हणू.

नऊ राजांची मिळून राजपरिषद असते. आगोंगची निवड तिथे गुप्त मतदानाने होते आणि किमान पाच मते लागतात. पेनांग, मलाका आणि नंतर आलेली साबाह, सारावाक या राज्यांत राजा नाही, राज्यपाल आहेत. ते एरवी परिषदेत बसतात, या निवडीत त्यांना मत नाही. ज्याचा क्रम आहे त्याचेच नाव पुढे येते. तो वयाने सज्ञान नसेल, त्याने स्वतः नकार दिला किंवा पाच राजांना तो अयोग्य वाटला, तर पुढचा. पहिल्या खेपेला ज्येष्ठ असलेल्या जोहोरच्या सुलतानांनी वयामुळे नकार दिला आणि नेगेरी सेंबिलानचे तुआंकू अब्दुल रहमान (वर आलेले तुंकू अब्दुल रहमान वेगळे) पहिले आगोंग झाले. मलेशियाच्या नोटांवर आजही त्यांचेच चित्र असते.

त्यांच्याच राज्यात या कल्पनेचे मूळ दिसते. नेगेरी सेंबिलानमध्ये राजेपद बापाकडून मुलाकडे आपोआप येत नाही. सुमात्रातून आलेल्या मिनांगकाबाऊ लोकांच्या परंपरेनुसार चार मुखत्यार सरदार, ज्यांना ‘उंदांग’ म्हणतात, राजघराण्यातल्या पुरुषांतून राजा निवडतात. म्हणजे राजा निवडणे ही मलय भूमीत परकी गोष्ट नव्हती.

पाळीला सगळे समान आहेत. पर्लिस हे राज्य मुंबई शहर आणि उपनगर मिळून होणाऱ्या क्षेत्रापेक्षा साधारण एक तृतीयांशानेच मोठे. पहांग त्याच्या चाळीस पटींहून मोठा. पाच वर्षे दोघांनाही सारखीच.

व्यवस्थेची परीक्षा फार लवकर झाली. १ एप्रिल १९६० ला पहिले आगोंग वारले. दुसरे, सेलांगोरचे सुलतान, १ सप्टेंबरला वारले, आणि त्यांच्या राज्यारोहणाचा सोहळा नेमका त्याच दिवशी ठरलेला होता. पाच महिन्यांत दोन राजे गेले, तरी वारसाचा तंटा झाला नाही. पुढचा क्रम पर्लिसचा होता, त्यांना निवडले. १९९४ मध्ये नवांची पहिली फेरी पूर्ण झाली आणि त्याच क्रमाने दुसरी सुरू झाली. त्यामुळे केदाहचे सुलतान अब्दुल हलीम दोनदा आगोंग झाले, १९७० मध्ये आणि २०११ मध्ये.

आगोंग असताना तो आपल्या राज्याचा कारभार प्रतिनिधीकडे सोपवतो. तिथल्या इस्लामचे प्रमुखपद मात्र स्वतःकडेच ठेवतो.

मग हे पद शोभेचेच ना?

बहुतेक दिवशी, हो. घटनेचे कलम ४० म्हणते, की आगोंगने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे. इथला सल्ला पुन्हा बंधनकारकच आहे, पण आता तो परक्या रेसिडेंटचा नसून निवडून आलेल्या सरकारचा आहे. १८७४ ते १९५७ या प्रवासात सुलतानाच्या कानाशी बोलणारा माणूस बदलला, आणि माझ्या मते लोकशाही म्हणून जे आले ते त्या बदलातूनच आले.

आगोंगला स्वतःच्या बुद्धीने करता येतात अशा गोष्टी मोजक्या. त्यातल्या दोन मोठ्या: पंतप्रधान नेमणे आणि संसद बरखास्तीची मागणी नाकारणे. ज्याच्यामागे लोकसभेसारख्या खालच्या सभागृहाचे बहुमत असण्याचा संभव आहे, असे आगोंगला वाटेल, त्याला पंतप्रधान करायचे. एकाच आघाडीला दर वेळी स्पष्ट बहुमत मिळत राहिले, तोवर या शब्दांना काहीच काम नव्हते. ते कडीकोयंड्याच्या जुन्या कपाटासारखे घरात पडून होते.

२०१८ मध्ये ती आघाडी पहिल्यांदा हरली. फेब्रुवारी २०२० मध्ये पंतप्रधान महाथीर यांनी राजीनामा दिला आणि बहुमत कुणाकडे हे कुणालाच सांगता येईना. सुलतान अब्दुल्लांनी खासदारांना एकेकटे राजवाड्यावर बोलावून विचारले, तुमचा पाठिंबा कुणाला? नोव्हेंबर २०२२ मध्ये तर २२२ पैकी ११२ चा आकडा कुणालाच गाठता आला नाही. सर्वांत मोठ्या गटाला ८२ जागा होत्या. आगोंगनी पक्षांना एकत्र सरकार करायला सुचवले, इतर राजांशी सल्लामसलत केली आणि २४ नोव्हेंबरला अन्वर इब्राहिम यांना शपथ दिली.

इथे हरकत घेता येईल, की न निवडलेल्या माणसाने पंतप्रधान ठरवणे लोकशाहीत कसे बसते? हरकत वजनदार आहे. पण असा प्रसंग आला की कुठल्याही संसदीय देशात कुणाला तरी हा निर्णय घ्यावाच लागतो. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१९ मध्ये राजभवनातला भल्या पहाटेचा शपथविधी पाहिला आहे. राज्यपालाची नेमणूक केंद्र सरकार करते, म्हणून त्याच्या निर्णयावर संशय येतो. आगोंग कुणा पंतप्रधानाने नेमलेला नसतो, कुणी पंतप्रधान त्याची बदलीही करू शकत नाही, आणि पाच वर्षांनी तो जाणारच असतो. हा त्या रचनेचा खरा फायदा आहे.

धोकाही सांगितला पाहिजे. ऑक्टोबर २०२० मध्ये आणीबाणी पुकारण्याची सरकारची विनंती आगोंगनी मानली नाही, जानेवारी २०२१ मध्ये मानली. त्यानंतर कित्येक महिने संसद बसली नाही. एकाच माणसाचे हे दोन निर्णय. पहिल्याने संसद वाचली म्हणून दुसऱ्याकडे डोळेझाक करता येत नाही.

आपण संस्थाने विलीन केली, त्यांनी का नाही?

मराठी वाचकाला हा प्रश्न पडतोच. आपल्याकडे पाचशेहून अधिक संस्थाने होती. कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही गेले.

फरक नकाशात आहे. भारतात संस्थानांच्या भोवती ब्रिटिश प्रांतांचा प्रचंड मुलूख होता, विलीन व्हायला जागा होती. मलायात जवळजवळ सगळा देशच सुलतानांच्या राज्यांचा. पेनांग आणि मलाका वगळले तर विलीन कशात व्हायचे? संघराज्य त्या राज्यांतूनच शिवायचे होते. दुसरा फरक लोकांच्या मनातला. आपल्याकडे प्रजापरिषदांची चळवळ संस्थानिकांच्या कारभाराविरुद्ध होती, तिकडे १९४६ ची चळवळ सिंहासन वाचवण्यासाठी होती.

मग एकच राजा का नको? लिबियाने तेच केले. १९५१ मध्ये तीन प्रांत जोडून, एका घराण्याचे राजे इद्रिस यांना गादीवर बसवून तो देश स्वतंत्र झाला. १९६९ मध्ये राजे परदेशात असताना सैनिकांच्या एका गटाने सत्ता घेतली आणि राजेशाही संपली. लिबियाच्या अडचणी वेगळ्या होत्या, सरळ तुलना होणार नाही. पण मलायात एका घराण्याला कायमचे वर बसवले असते, तर उरलेली आठ राज्ये संघात राजीखुशीने आली असती का, याची मला शंका आहे.

राजा चुकला तर?

मूळ घटनेत राजांवर न्यायालयात खटला भरता येत नव्हता. विधेयकावर आगोंगने सही केलीच नाही तर काय, याचेही स्पष्ट उत्तर नव्हते. महाथीर पंतप्रधान असताना, १९८३ पासूनच्या संघर्षात आणि १९९३-९४ च्या दुरुस्त्यांत हे प्रश्न निकाली निघाले. आता तीस दिवसांत सही झाली नाही तरी विधेयक कायदा होते. राजांवरचे खटले ऐकण्यासाठी विशेष न्यायालय आहे. राजांनी हे सुखाने स्वीकारले नाही. सरकार आणि राजवाडे यांच्यात महिनोन्‌महिने ताण होता.

सौद्याचा दुसरा भाग

आतापर्यंत मुकुटाबद्दल बोललो, पण १९५७ चा सौदा मुकुटापुरता नव्हता. चिनी आणि भारतीयांना नागरिकत्व मिळाले. स्वातंत्र्यानंतर त्या भूमीवर जन्मलेले मूल तिथले नागरिक ठरले. त्याबदल्यात कलम १५३ ने मलयांना सरकारी नोकऱ्या, शिष्यवृत्त्या आणि काही परवान्यांत राखीव वाटा दिला. आपल्या आरक्षणाशी याचे साम्य वाटेल, पण इथे राखीव वाटा सर्वांत मोठ्या समाजाला आहे.

रीड आयोगाने सुचवले होते, की पंधरा वर्षांनी याचा आढावा घ्यावा. अंतिम घटनेतून ती मुदत गाळली गेली. माझ्या मते १९५७ ची सर्वांत महाग पडलेली चूक हीच. राजाला मुदत घातली आणि सवलतीची मुदत काढली. १९७२ मध्ये तो आढावा झाला असता. त्याऐवजी मे १९६९ मध्ये क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी वस्त्यांत रक्तपात झाला, संसद स्थगित झाली. १९७१ मध्ये ती पुन्हा भरली तेव्हा घटनादुरुस्ती होऊन कलम १५३, नागरिकत्व, मलय भाषा आणि राजांचे सार्वभौमत्व यांच्यावर जाहीरपणे शंका घेणे राजद्रोहाच्या कायद्याखाली आणता येऊ लागले.

रबराच्या मळ्यात राबलेल्या आजोबांच्या नातवाला आज हे कलम बदलावेसे वाटले, तर संसदेचे दोन तृतीयांश बहुमतही पुरणार नाही. राजपरिषदेची संमती लागेल. आणि १५३ हे कलम सुरू होते ते आगोंगच्याच जबाबदारीने: मलयांचे विशेष स्थान त्याने जपायचे, आणि त्याच वाक्यात पुढे, इतर समाजांचे न्याय्य हितही त्यानेच.